धान, गिरणी आणि विश्वास

(समाजाच्या वार्षिक संमेलनात गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्योगधंद्याविषयी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझे बहुतेक आयुष्य धानाच्या धुळीत आणि गिरणीच्या घरघराटात गेले. परंतु ज्या धंद्यावर आपल्या समाजातील शेकडो कुटुंबे पोसली जातात, त्या धंद्यात मी ज्या चुका केल्या त्या तरी तरुणांच्या कानी घालाव्यात, एवढ्याच हेतूने मी हे काम पत्करले आहे.

विषय तसा साधा आहे. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, एकाच कंपनीची यंत्रे बसविलेल्या दोन गिरण्या असतात. दोघींना वीज तीच, धान त्याच पंचक्रोशीतले आणि बाजारभावही तोच. तरीही एकीच्या तांदळाला व्यापारी शोधत येतो आणि दुसरीच्या दारात कनकीचे ढीग पडलेले असतात. दहा वर्षांनी पाहावे तो पहिलीने शेजारची जागा घेतलेली असते आणि दुसरीच्या फाटकावर बँकेची नोटीस लागलेली असते. असे का व्हावे? आपण सामान्यतः उत्तर देतो की, एकाचे नशीब चांगले आणि दुसऱ्याचे वाईट. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत असे. आज मला वाटते की उत्तर नशिबात नसून दोन ठिकाणी आहे. गिरणीच्या फाटकाबाहेर धान घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी आपण कसे वागतो, हे एक. आणि फाटकाच्या आत मिस्त्री, हमाल व धान वाळविणाऱ्या बाया यांच्याशी आपण कसे वागतो, हे दुसरे. या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, हे मी आज सांगू इच्छितो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण धानाशी या भूमीचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. आपल्या पूर्वजांच्या काळातील मालगुजारी तलाव, वैनगंगेचे व बाघ नदीचे पाणी आणि जड जमीन यांनी येथे धान पिकविले. आणि बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाला जंक्शन करून त्या धानाला बाजार दिला. म्हणून येथे गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या समाजाचे वैशिष्ट्य असे की, आपण तराजूच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे बांधीत रोवणी करतात, आणि थोडी कुटुंबे गिरणी चालवितात. तेव्हा गिरणीवाला व धानवाला यांच्या संबंधाचा प्रश्न हा आपल्या घरातलाच प्रश्न आहे.

आता आपल्यातील ज्या भगिनी रोज भात रांधतात, पण गिरणी ज्यांनी आतून पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे यंत्राविषयी सांगतो. गिरणीत धान प्रथम चाळले जाते, खडे वेगळे केले जातात, आणि मग ते दोन रबरी रुळांच्या मधून जाते. हे दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे दाण्यावरचे तूस ओढून निघते. नंतर तुसाविना राहिलेला दाणा पॉलिशच्या यंत्रात जातो. तेथे कोंडा निघून तांदूळ पांढरा होतो. शेवटी चाळणीवर अखंड तांदूळ एकीकडे आणि कनकी दुसरीकडे पडते. अखंड तांदळाचा भाव आणि कनकीचा भाव यांत किती अंतर असते, हे या सभेत कोणाला सांगावयास नको. गिरणीचा नफातोटा बव्हंशी त्याच चाळणीवर ठरतो.

परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, कनकी यंत्रात दिसते, पण तिचा जन्म पुष्कळदा यंत्रात होत नाही. धान पिकून गेले तरी कापणी लांबली, कापलेल्या कडपा बांधीत पडून दिवसा उन्हाने तापल्या व रात्री दवाने भिजल्या, अथवा ओले धान कडक उन्हात एकाएकी वाळविले, म्हणजे दाण्याच्या पोटात केसासारखी बारीक चीर पडते. वरून दाणा साजरा दिसतो. तो पोत्यात भरला जातो, विकला जातो; आणि पॉलिशच्या यंत्राचा दाब बसताच त्याचे दोन तुकडे होतात. तसेच लांब दाण्याचे व आखूड दाण्याचे धान एका पोत्यात मिसळले, तर रुळांमधली फट एकाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट होते. फार ओला दाणा चेंगरतो, फार वाळलेला तडकतो. भरडाईच्या वेळी धानात शेकडा १४ च्या आसपास ओलावा असावा, असे जाणकार सांगतात. म्हणजे गिरणीमालकाने लाखो रुपयांचे नवे यंत्र आणले, तरी शेतात पडलेली चीर ते यंत्र सांधू शकत नाही. आपल्या कारखान्याची पहिली खोली शेतकऱ्याच्या खळ्यावर आहे. तिच्यावर आपण छप्पर घातलेले नाही, एवढेच.

हे मला कळले ते पुस्तकातून नव्हे, तर एका लाजिरवाण्या प्रसंगातून. फार वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला. कडपा भिजल्या, पुंजणे गरम झाली, आणि पाऊस उघडताच माझ्या गिरणीसमोर गाड्यांची रांग लागली. कोणाचे धान किती ओले हे पोत्यापोत्यात हात घालून पाहण्यास मला सवड नव्हती, खरे म्हणजे इच्छाही नव्हती. मी मुनीमजींना सांगितले की, सरसकट सर्वांना सारखाच कडता लावा. त्या रांगेत माझा एक मामेभाऊ होता. त्याने पाऊस येण्यापूर्वीच मजूर लावून कापणी केली होती, आणि आठ दिवस घरच्या पडवीत धान पसरून, उलटून पालटून वाळविले होते. त्याचे धान हातात घेतल्यावर खुळखुळत होते. त्यालाही ओल्या धानाइतकाच कडता लागला. तो काही बोलला नाही. पैसे मोजून घेतले, राम राम केला आणि गेला.

पुढच्या वर्षी त्याचीच पोती उघडली तेव्हा वरच्या वीतभर धानाखाली ओले धान निघाले. मी संतापलो. घरचा माणूस असे करतो, म्हणून चार शब्द अधिकच बोललो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, मागच्या वर्षी मी धान वाळवून आणले, त्याचे तुम्ही मला काय दिले? वाळल्याने वजन घटले ते माझे गेले, मजुरी गेली ती माझी गेली, आणि कडता सर्वांसारखाच लागला. यंदा म्हटले, सर्वांसारखेच वागावे."

बंधुभगिनींनो, त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, त्याला लबाडी मी शिकविली होती. ज्या बाजारात चांगल्या मालाला आणि वाईट मालाला एकच माप लागते, तेथे चांगला माल हळूहळू येईनासा होतो. आणि मग आपण म्हणतो की, आजकाल शेतकरी प्रामाणिक राहिला नाही.

त्याचा हिशेबही मी नंतर मांडून पाहिला, तो आपल्यापुढे ठेवतो. शंभर किलो धानात शेकडा १८ ओलावा असेल, तर त्यात कोरडा अंश ८२ किलो. तेच धान शेकडा १४ ओलाव्यापर्यंत वाळविले, तर त्याचे वजन भरते सुमारे ९५ किलो ३५० ग्रॅम. म्हणजे वाळविणारा शेतकरी क्विंटलमागे साडेचार किलोंहून अधिक वजन आपल्या हाताने घालवितो. ते त्याला भावात परत मिळाले नाही, तर त्याने धान का वाळवावे? आणि उलट, ओलाव्याच्या नावाखाली गिरणीवाल्याने अंदाजाने सात-आठ किलो कापले, तर तोही अन्यायच झाला. आज ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते. सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावरही ओलाव्याची मर्यादा शेकडा १७ ठरलेली आहे. प्रश्न यंत्राचा नाही. ते यंत्र कोणाच्या हातात आहे आणि त्याचा आकडा कोणाला दिसतो, हा प्रश्न आहे. मी पुढल्या हंगामापासून ते यंत्र मुनीमजींच्या मेजावरून उचलून काट्याजवळ, धानवाल्याच्या डोळ्यांसमोर ठेविले, आणि कोणत्या ओलाव्याला किती कपात हा तक्ता भिंतीवर लावला. पहिल्या वर्षी मला काही पैसे अधिक मोजावे लागले. काहीजण तक्ता पाहून दुसरीकडे गेले. पण तिसऱ्या वर्षापासून वाळलेले धान माझ्याकडे प्रथम येऊ लागले. मामेभाऊही परत आला, आणि येताना आपल्या गावचे आणखी चौघे घेऊन आला.

माल पुरविणाऱ्याला असे घडविणे, त्याच्या कामात आपले ज्ञान व पैसा घालणे, ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा भागधारक झाला. ऊस तोडल्यानंतर तो फडात पडून राहिला तर त्यातील साखर घटते, म्हणून लागवडीची नोंद आणि त्या नोंदीप्रमाणे तोडणीची पाळी ही पद्धत सहकारी कारखान्यांत रुजली. बेणे, खते, सल्ला यांची व्यवस्था कारखान्याकडून होऊ लागली. कारखान्याला कळले होते की, साखर शेतात तयार होते. कारखान्यात ती फक्त काढली जाते. हेच वाक्य तांदळालाही लागू आहे.

तथापि साखर कारखान्यांचे हे चित्र पूर्ण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या ऊसतोड कामगाराच्या कोयत्यावर ती सारी पाळी अवलंबून असते, तो भागधारकांच्या वर्तुळाबाहेरच राहिला. त्याची मुले फडावर वाढली, शाळा सुटली. मुकादमामार्फत उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची, यातून तो सुटला नाही. म्हणजे विश्वासाचे वर्तुळ जेथे आखले, तेथपर्यंतच सुधारणा पोचली. आपणही वर्तुळ कोठे आखतो, याचा विचार केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पुरवठा करणारा म्हणजे केवळ माल आणून टाकणारा, हा आपला समज फार चुकीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे एक अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ साली आपल्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, निवडल्या. आणि त्यातून जो बारीक, सुवासिक तांदूळ निघाला तो एचएमटी या नावाने घरोघरी गेला. ते नावदेखील त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून पडले. या वाणावर अनेक गिरण्यांनी व व्यापाऱ्यांनी पैसा मिळविला. दादाजींचे आयुष्य मात्र शेवटपर्यंत ओढगस्तीत गेले, आणि २०१८ साली ते वारले. आपल्या धंद्यातला एवढा मोठा शोध कोणत्याही गिरणीमालकाने लावलेला नाही. तो एका धानवाल्याने लावला. काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी आपण उद्दामपणे बोलतो, तेव्हा आपल्यासमोर कोण उभा आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

आता फाटकाच्या आत येऊ. येथेही मला माझाच एक प्रसंग सांगितला पाहिजे. एका हंगामात माझ्या गिरणीत कनकी एकाएकी वाढली. मी धानाला दोष दिला, हवेला दिला. आठ दिवसांनी यंत्र उघडले तेव्हा कळले की, एक रबरी रूळ एका अंगाने पार झिजला होता. धान नीट सोलले जात नव्हते आणि ते पुन्हा पुन्हा फिरून तडकत होते. मिस्त्रीला मी विचारले, "तुला हे कळले नव्हते काय?" तो खाली पाहत म्हणाला, "कळले होते मालक. पण मागल्या खेपेस रूळ बदलायला सांगितला, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात की, तुझ्या बापाचा पैसा आहे काय. म्हणून म्हटले, चालते तोवर चालवावे."

एका रुळाची किंमत आणि आठ दिवसांची कनकी यांचा हिशेब करण्याची गरज नाही. खरा तोटा त्याहून मोठा होता. माझ्या गिरणीत वाईट बातमी वर येण्याचा रस्ता मीच बंद केला होता. शेतकऱ्याने ओले धान पोत्याच्या तळाशी लपविले आणि मिस्त्रीने झिजलेला रूळ यंत्राच्या पोटात लपविला, ही एकाच रोगाची दोन लक्षणे होत. जेथे खरे सांगणाराला शिक्षा होते, तेथे प्रत्येक जण दोष झाकावयास शिकतो. आणि झाकलेला दोष शेवटी चाळणीवर कनकी होऊन पडतो.

जपानमध्ये साकिची तोयोदा या संशोधकाने १९२४ साली एक स्वयंचलित माग सिद्ध केला. त्या मागाची एक खुबी अशी होती की, धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे. पुढे त्यांच्या घराण्याने मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा हेच तत्त्व त्यांनी माणसांना लावले. कोणत्याही साध्या कामगाराला दोष दिसताच दोरी ओढण्याची मुभा असते, आणि दोष दूर न झाल्यास साऱ्या कामाची रांग थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही. त्याच कारखान्याने १९३९ सालीच आपल्या खरेदीच्या नियमांत असे ठरविले होते की, माल पुरविणाऱ्याला आपलीच शाखा समजावे, त्याला विनाकारण बदलू नये आणि त्याची योग्यता वाढविण्यास झटावे. बाहेरच्यांशी वागण्याचा नियम आणि आतल्यांशी वागण्याचा नियम तेथे एकाच मुळातून निघाले, हे मला विशेष वाटते.

परंतु इतक्या दूर जाण्याचे तरी कारण काय? आपल्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. ते निराश झाले नाहीत. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी अस्पृश्यता मानावयाची नाही असा दंडक घातला. आणि तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून लोक आपली घरे राखीत, त्यांच्याच हाती त्यांनी कारखाना राखावयास दिला. व्यवहारी माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण त्या माळावरून निघालेले नांगर पुढे महाराष्ट्रभर चालले. भीतीपेक्षा विश्वासाने माणूस अधिक चांगले काम करतो, याचे याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही.

याउलट उदाहरण पाहावयाचे तर आपल्या जिल्ह्यातील विडीच्या धंद्याकडे पाहावे. तेंदूची पाने आपल्या जंगलातली, विडी वळणारे हातही आपलेच, आणि त्यांत बहुतेक हात बायांचे. पण कारखानदार आणि विडी वळणारी बाई यांच्यामध्ये सट्टेदार उभा असे. पान वाईट मिळाले तरी हजाराची गणती तिने पुरी करावयाची, आणि छाट म्हणून टाकलेल्या विड्यांचा भुर्दंडही तिनेच सोसावयाचा. पान कोणत्या ढिगातले वाईट होते, हे कारखानदाराला कधी कळत नसे. कारण ते सांगण्याचा मार्गच नव्हता. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जे काम विश्वासाने व्हावयाचे ते कायद्याने करावे लागते, तेव्हा त्या धंद्यात काहीतरी मुळातच बिघडलेले असते.

आता मी एक अप्रिय गोष्ट बोलणार आहे. वडीलमंडळींनी क्षमा करावी. आपल्या समाजात गिरणी काढली की पुतण्या मुनीम होतो, साळा खरेदी पाहतो आणि गावचा मुलगा काट्यावर बसतो. आपल्या माणसाला आधार द्यावा, ही भावना चांगली आहे. हे संमेलनदेखील त्याच भावनेवर उभे आहे. पण त्यातून होते काय? मिस्त्री दुसऱ्या ज्ञातीचा, हमाल तिसऱ्या ज्ञातीचा. काट्यावर पुतण्याने चूक केली, तर ती मालकाला सांगण्याची छाती कोणाला होणार? आणि पुतण्या तरी काकांना कोणत्या तोंडाने सांगणार? लग्नकार्यात एका पंगतीला बसावयाचे असते. नात्याच्या ओझ्याखाली खरी गोष्ट दबून जाते, आणि परका म्हणून दुसऱ्याची खरी गोष्ट कोणी ऐकत नाही. अशा रीतीने आपलेपणानेच गिरण्या बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच की, नात्यातल्या मुलाला जरूर काम द्यावे. परंतु आधी त्याने दुसऱ्याच्या गिरणीत दोन हंगाम काम शिकावे, आणि मिस्त्रीच्या हाताखाली धूळ खावी. ज्याचे कौशल्य मोठे त्याचा मान मोठा, मग तो कोणत्याही घरचा असो.

कोणी म्हणेल, हे सर्व धर्मशास्त्र झाले. धंद्यात पैसा लागतो. त्याला मी पैशाचेच उत्तर देतो. दिवसाला २०० क्विंटल धान भरडणाऱ्या गिरणीत क्विंटलमागे एक किलो कनकी कमी होऊन तेवढा अखंड तांदूळ वाढला, तर दिवसाला दोन क्विंटल अखंड तांदूळ अधिक मिळतो. सरकारी भरडाईत कच्च्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलोंचा उतारा द्यावा लागतो. तेथे तर एकेक किलो म्हणजे नफा आणि दंड यांमधली रेषा आहे. हा किलो व्याजाने काढलेल्या नव्या यंत्रातून मिळवावा, की वाळलेल्या धानातून आणि वेळेवर बदललेल्या रुळातून मिळवावा, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

अर्थात् सर्वच आपल्या हातात नाही. पाऊस, हमीभाव, विजेचा दर, निर्यातीवरचे निर्बंध यांपैकी काहीही आपल्याला विचारून ठरत नाही. चांगले वागणाऱ्याची गिरणीही वाईट वर्षी तोट्यात जाऊ शकते. परंतु वाईट वर्षी कोण टिकतो, हे मात्र चांगल्या वर्षी आपण कसे वागलो यावर ठरते. ज्याच्या दारात शेतकरी विश्वासाने उभा राहतो, त्याला टंचाईच्या वर्षीही धान मिळते.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी काही सूचना ठेवतो. आपल्यातील प्रत्येक गिरणीवाल्याने ओलावा मोजण्याचे यंत्र व कपातीचा तक्ता काट्यावर, सर्वांना दिसेल असा ठेवावा. हंगामापूर्वी आपल्या भागातील धानवाल्यांची बैठक घेऊन कोणते वाण लावावयाचे हे ठरवावे, म्हणजे एका गावातून एका जातीचे धान एकत्र येईल. आणि बियाण्यासाठी थोडी उचल बिनव्याजी द्यावी. धानाचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेत; उशिरा दिलेला रुपया हा कमी दिलेला रुपया असतो. मिस्त्रीला यंत्र थांबविण्याचा अधिकार द्यावा, आणि आठवड्यातून एकदा मिस्त्री, हमाल व वाळवणावरच्या बाया यांना एकत्र बसवून काय बिघडले एवढेच विचारावे, कोणी बिघडविले हे विचारू नये. वाळवणाच्या ओट्याजवळ सावली, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह असावे. यास खर्च थोडा लागतो, पण तो न केल्याची लाज मोठी असते. संस्थेने आपल्या शिष्यवृत्तींपैकी एक तरी शिष्यवृत्ती यंत्राचे काम शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला द्यावी. डॉक्टर-वकिलांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. एखाद्या वर्षी एका उत्तम मिस्त्रीचाही करावा.

जाता जाता एकच सांगतो. आपल्या गावोगावचे तलाव आपण पाहिले आहेत. तलावाचे पाणी पाळीखालच्या पहिल्या बांधीला आधी मिळते आणि टोकाच्या बांधीला शेवटी. पहिल्या बांधीच्या मालकाने म्हटले की माझे भागले, आता पाळ फुटो की राहो, तर एका पावसात तलाव जातो आणि त्याची बांधीही वाळूने भरते. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. म्हणून पाळीवर माती टाकावयास सारा गाव जात असे, टोकाच्या बांधीचा मालकही आणि पहिल्या बांधीचाही. गिरणी हाही एक तलाव आहे. तिचे पाणी धानवाल्याच्या खळ्यापासून हमालाच्या पाठीपर्यंत सर्वांच्या श्रमांतून साठते, आणि तिची पाळ आपल्या परस्परांवरील विश्वासाची आहे. ती राखणे हे जसे धंद्याचे तसेच समाजाचेही काम आहे.

 यंदाचा हंगाम सर्वांना सुखाचा जावो, प्रत्येकाच्या कणगीत धान आणि प्रत्येकाच्या पानात भात असो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.